व्हर्ना टटलचे नऊ सेकंद

आधीच सांगून टाकते, मी व्हर्ना टटलच्या बाजूची आहे. कुठलीच बाजू न घेणाऱ्या माणसाकडून ही हकिगत ऐकायची असेल तर दुसरं दार बघा. अर्ध्या देशाने तिला शिव्या घातल्या, उरलेल्या अर्ध्याने तिला डोक्यावर घेतलं, आणि त्या एवढ्या कोट्यवधी लोकांत तिच्या बसमध्ये बसलेला एकसुद्धा नव्हता. मी बसलेय. पहिलीपासून बारावीपर्यंत.

व्हर्ना आमच्या ईस्ट हॅलमच्या शाळेची बस चालवायची. एकतीस वर्षं चालवली. इथले व्हरमाँटचे रस्ते जानेवारीत बर्फाचे, मार्चमध्ये चिखलाचे. त्यावरून चाळीस पोरं घेऊन टेकडी चढायची म्हणजे काय खायचं काम आहे? मागे दंगा वाढला की ती आरशात बघून एकच ओरडायची, "खाली बस नि तोंड मिट!" तेवढ्यावर सगळी बस चिडीचूप. मला तिने हे निदान दोनशे वेळा ऐकवलंय. आमच्या चर्चच्या पाद्र्याला ऐकवलंय, तो आठवीत होता तेव्हा. मी तिसरीत बसमध्ये ओकले होते, तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर बादली आणि आल्याच्या गोळ्या ठेवलेल्या होत्या. तोंडाने मात्र एक शब्द गोड बोलली असेल तर शपथ.

बसची नोकरी सुटायच्या आधीच गावाने तिला सभाध्यक्ष केलं होतं. मार्चच्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव टाउन हॉलमध्ये जमतं आणि वर्षाचे निर्णय 'हो', 'नाही' असं ओरडून घेतं. सभा चालवायला एक अध्यक्ष असतो. त्याने मत द्यायचं नाही, मत दाखवायचं नाही, सगळे 'हो' ओरडतात तेव्हा तोंड उघडायचं नाही. नुसता लाकडी हातोडा आपटायचा. आणि सभेचा एक नियम, आमच्या पणज्यांच्या वेळेपासूनचा: कोणी कोणाशी थेट बोलायचं नाही. जे म्हणायचं ते अध्यक्षांकडे बघून, अध्यक्षांमार्फत. एरवी गावात सगळ्यांचं सगळ्यांशी अरे-तुरे. पण त्या दिवशी सख्खा भाऊसुद्धा 'मागच्या रांगेतले मतदार'. गावातलं किराणा दुकान माझं. माझ्या नवऱ्याने एकदा भर सभेत माझ्याबद्दल म्हटलं होतं, "अध्यक्ष महोदया, दुकानवाल्या बाईंना रस्त्यांतलं ओ की ठो कळत नाही, असं त्यांना माझ्या वतीने सांगावं." आणि मग आम्ही एकाच गाडीतून घरी गेलो. बाहेरचे लोक हसतात या नियमाला. हसोत. रागाचं वाक्य अध्यक्षांपर्यंत जाऊन परत येईतो निम्मं निवलेलं असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता ऑल्डन कोबर्न. व्हर्नाच्या वयाचा, टेकडीवर राहणारा, मेपलचा पाक काढणारा. दोघं एका खोलीच्या शाळेत एका बाकावर शिकली. ऑल्डनची बायको गेली तेव्हा व्हर्नाने महिनाभर त्याला डबा पोचवला, आणि व्हर्नाचा नवरा गेला तेव्हा ऑल्डनने तिची हिवाळ्याची सगळी लाकडं फोडून रचून दिली. लोकांनी दोघांचं लग्न लावायचं पुष्कळ मनावर घेतलं. व्हर्ना म्हणायची, "त्याच्याशी लग्न करू? मग भांडायला कोणाच्या घरी जाऊ?"

दर शनिवारी दहा वाजता दोघं माझ्या दुकानात स्टोव्हशेजारच्या टेबलावर क्रिबेजचा डाव मांडायची. पत्ते खेळायचे आणि गुण लाकडी पाटीच्या भोकांत खुंट्या सरकवून ठेवायचे, असा तो खेळ. दोघंही लबाड. "दोन घरं जास्त सरकवलीस." "डोळे तपासून घे." असं अकरापर्यंत.

आणि दर सभेत पहिला विषय असायचा सभाध्यक्षाची निवड. व्हर्ना हातोडा घेऊन विचारायची, "नावं सुचवा." मागच्या रांगेतून ऑल्डन उठायचा, टोपी काढायचा आणि म्हणायचा, "स्टोव्हजवळ उभ्या असलेल्या त्या मोठ्या आवाजाच्या बाईंचं नाव मी सुचवतो." बावीस वर्षं हेच वाक्य. बावीस वर्षं लोक हसले, आणि बावीस वर्षं व्हर्नाने हसू दाबून हातोडा आपटला.

ऑल्डनला एकच दुखणं होतं, ते म्हणजे त्याच्या रस्त्याखालची मोरी. बर्फ वितळला की ती तुंबायची आणि पाणी रस्त्यावर यायचं. खरं होतं त्याचं. पण विषय कोणताही असो, वाचनालयाचा असो की कुत्र्यांच्या पट्ट्यांचा, ऑल्डन फिरून फिरून मोरीवर यायचा. गावाने त्याची सवय करून घेतली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या सभेत विषय चौदा होता वॉशिंग्टनला पत्र धाडायचा. कशाबद्दल ते मी सांगणार नाही, कारण सांगितलं की तुम्हीही लगेच दोन बाजूंना बसाल. राजकारणातलं होतं, तापलेलं होतं, आणि त्याच्यासाठी म्हणून शहरातून कोणीतरी कॅमेरा घेऊन आला होता. माणसं चिडून पण नियमात बोलत होती. तेवढ्यात ऑल्डन उठला. "अध्यक्ष महोदया, पत्र धाडा नाहीतर धाडू नका, पण वॉशिंग्टनला जे पाणी मुरतंय तेच माझ्या मोरीत..." असं सुरू झालं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. जेवणाची वेळ टळली होती, मी मागे वाल शिजवून बसले होते, ते तळाला लागत होते. व्हर्नाने एकदा हातोडा आपटला, दोनदा आपटला. मग तिचा तोल गेला. हातोडा त्याच्याकडे रोखून, बसच्या आवाजात, ती थेट त्याच्यावर ओरडली, "ऑल्डन कोबर्न, तिसरीपासून एकच रडगाणं! खाली बस नि तोंड मिट!"

सभागृह फुटलं. अक्षरशः खुर्च्या हलल्या हसून. ऑल्डन बसला. आम्ही पत्राचं मतदान केलं आणि जेवायला उठलो. ऑल्डनने व्हर्नाच्या हातचा ॲपल पाय दोनदा वाढून घेतला, हे मी स्वतः बघितलंय, कारण वाढत मीच होते.

गुरुवारी त्या शहरातल्या कॅमेऱ्यातला तेवढाच तुकडा टीव्हीवर आला. नऊ सेकंदांचा. व्हर्नाचा रोखलेला हातोडा, तिचा लाल चेहरा, ते वाक्य, आणि मागे टोपी हातात धरून उभा असलेला म्हातारा. बस्. हसणं सुरू व्हायच्या आधी तुकडा संपतो. मोरीचा उल्लेख नाही. एका वाहिनीने सांगितलं, बघा, साध्या माणसाचा आवाज कसा दाबतात. दुसरीने सांगितलं, बघा, आडमुठ्यांना कसं गप्प करावं ते या बाईकडून शिका. ऑल्डन त्या पत्राच्या बाजूने होता की विरोधात, हे आजतागायत कोणाला ठाऊक नाही. मला वाटतं, त्यालाही नाही.

मग सुरू झालं. व्हर्नाला फोन यायचे, घाणेरडे घाणेरडे. तिने फोनची तार उपटून ठेवली. पण शिव्यांपेक्षा शाबासकीने ती जास्त खचली. कोणीतरी तिचा हातोड्याचा फोटो आणि 'खाली बस नि तोंड मिट' असं छापलेला टी-शर्ट पाठवला. तिने माझ्या काउंटरवर तो उलगडला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "रीटा, हे लोक म्हणतात की मी त्याला हरवलं. अगं, मी ऑल्डनला कशाला हरवू?" आणि तिथेच उभी राहून रडली. व्हर्ना टटल, माझ्या दुकानात, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यापुढे. मला त्या टी-शर्टवाल्याचा पत्ता मिळाला असता ना, तर मीच गेले असते ऐकवायला.

आणि तिकडे ऑल्डन टेकडीवर एकटा. त्याला आधी काहीच वाटलं नव्हतं. शुक्रवारी दुकानात आला तेव्हा म्हणाला, "हातोडा धरलेला काय भारी दिसतेय, नाही?" पण सोमवारी वाहिनीची गाडी त्याला न्यायला आली. बायकोच्या अंत्यविधीला घातलेला सूट घालून तो गेला. त्यांनी विचारलं, "तुमचा आवाज दाबला गेला तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?" आता अशा प्रश्नाला माणूस काय उत्तर देईल? तो म्हणाला, "बरं नाही वाटलं." मग पत्रं यायला लागली, रोज पिशवीभर. तुमचा अपमान झाला. आम्ही तुमच्यासोबत आहोत. तुम्ही झुकू नका. आठवडाभर कोणाचा आवाज न ऐकणारा माणूस तो. सगळी पत्रं दोन-दोनदा वाचायचा. आणि वाचता वाचता तो तुकडा पुन्हा लावायचा. मला तर वाटतं, त्याला तिसरी-चौथी वेळ बघेपर्यंत हसूच येत असेल. तिसाव्या वेळेला लागलं असेल.

त्या शनिवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. व्हर्ना दहाला आली, टेबलाशी बसली, कॉफी घेतली, अकराला गेली. असे पन्नास शनिवार. क्रिबेजच्या पाटीवर अर्ध्या डावाच्या खुंट्या तशाच होत्या, मी धूळ पुसायला पाटी उचलली तर म्हणाली, "हात लावू नकोस. त्याची खुंटी एकोणसाठवर आहे. नंतर म्हणेल मी हलवली."

अकरा दिवसांनी देशाला दुसरं काहीतरी सापडलं. कुठल्या तरी विमानात कोणी कोणाला ढकललं म्हणे. गाड्या गेल्या, पत्रं आटली. देश पुढे गेला आणि ही दोन म्हातारी माणसं तिथेच राहिली, एक टेकडीवर, एक माझ्या स्टोव्हशेजारी.

आमच्या गावची एक छोटी वाहिनी आहे, सभा पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रित करते. कोणी बघत नाही. व्हर्नाने ते चार तासांचं चित्रण मिळवलं आणि वाचनालयात कानांना हेडफोन लावून बसायला लागली. मला एकदा शेजारी बसवलं. "ऐक. माझं ओरडणं झालं, आता हसणं सुरू झालं. हे तुझ्या नवऱ्याचं. हे पाद्र्याचं. आणि हा खोकला ऐकलास? ऑल्डन हसला की आधी खोकतो. तो हसला होता, रीटा." कॅमेरा तिच्यावर होता, ऑल्डन त्यात दिसतच नव्हता. मला नुसता गलका ऐकू आला. मी म्हटलं, "हो, ऐकू आला." खोटं बोलले. तुम्ही काय केलं असतं?

मी ते चित्रण घेऊन टेकडीवर गेले. ऑल्डनने दार उघडलं, आत घेतलं, कॉफीही दिली.

"पूर्ण बघ ना एकदा," मी म्हटलं.

"त्यात ती तेच बोलते ना?"

"तेच बोलते. पण पुढे—"

"मग झालं की."

"अरे, तिने मला हे दोनशे वेळा ऐकवलंय! मी धरून बसले का?"

"तुला बसमध्ये ऐकवलं. मला सगळ्या देशासमोर." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ती आली का नाही स्वतः?"

आता हे मी खाली येऊन व्हर्नाला सांगितलं, तर ती म्हणाली, "गेले होते. तीनदा. त्याने दार उघडलं नाही." मी परत ऑल्डनला फोन केला. तो म्हणाला, त्याला वाटलं वाहिनीवाले आहेत. आता बोला! चौथ्यांदा जा म्हणून मी व्हर्नाच्या किती मागे लागले. पण तिचीही हाडं तीच, त्याच बाकावरची. "आता त्याने यावं," म्हणाली. दोघंही एकमेकांची वाट बघत राहिली आणि वर्ष गेलं.

गेल्या मार्चची सभा. बाहेरून एक चिटपाखरू आलं नाही. ऑल्डन आला, दाराजवळ मागच्या रांगेत बसला, कोट न काढता. व्हर्ना स्टोव्हजवळ उभी राहिली. केस नीट केले होते, बऱ्याच वर्षांनी.

"विषय पहिला," ती म्हणाली. "सभाध्यक्षाची निवड. नावं सुचवा."

आणि थांबली. कोणाकडेच बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती. सगळं गाव मागच्या रांगेकडे न बघायचा प्रयत्न करत होतं. लाकूड स्टोव्हमध्ये तडतडलं. मी हातात वालाचं भांडं धरून उभी होते, हात भाजत होता आणि मला ते ठेवायचं सुचत नव्हतं. ऊठ रे, मेल्या, मी मनात म्हणत होते. टोपी काढ. एक वाक्य.

ऑल्डन उठला नाही. तिसऱ्या रांगेत कोणीतरी नाव सुचवायला हात वर करणार, तेवढ्यात व्हर्नाने हातोडा टेबलावर ठेवला, अगदी हळू. म्हणाली, "मी या जागेवरून उतरते. आणि उतरल्यावर रीटा गियेटचं नाव सुचवते."

"मी?" मी ओरडले. "माझे वाल आहेत!"

लोक हसले, आणि माझी निवड झाली. अशी मी सभाध्यक्ष झाले. वालाचं भांडं नवऱ्याने घेतलं.

चौदा विषय झाले. शेवटी राहिला 'इतर'. मी विचारलं, कोणाला काही मांडायचंय का? तिसऱ्या रांगेत हात वर झाला. बावीस वर्षांत त्या सभागृहात एकदाही स्वतःचं मत न मांडलेली बाई उठली.

"बोला, टटलबाई."

"अध्यक्ष महोदया," ती मला म्हणाली. मला! "मागच्या रांगेतल्या मतदारांना तुमच्यामार्फत एक प्रश्न विचारायचा आहे. गेल्या सभेत विषय चौदाला तेव्हाच्या अध्यक्षांनी नियम मोडून त्यांना एक वाक्य ऐकवलं. ते अध्यक्षांचं चुकलं. अध्यक्षांनी तेव्हाच माफी मागितली नाही, कारण अध्यक्षांना वाटलं की ते हसले. तर ते हसले होते का, एवढंच."

मी मागे बघितलं. "कोबर्नसाहेब, प्रश्न तुम्ही ऐकलात. उत्तर द्यायची सक्ती नाही."

ऑल्डन पुढच्या खुर्चीला धरून उभा राहिला. टोपी काढली. नियमाप्रमाणे माझ्याकडे बघत बोलला.

"अध्यक्ष महोदया, त्या बाईंना सांगावं, की मीही तेच शोधतोय. हसलोच असणार. सत्तर वर्षं तिच्या बोलण्याला हसत आलोय, त्याच दिवशी का नाही हसणार? पण आठवत नाही. मी ते टीव्हीवर इतक्यांदा बघितलं, की आता मला तेवढंच आठवतं. ती हातोडा रोखते आणि संपतं. त्याच्या पुढचं माझ्या डोक्यातून गेलंय." टोपी हातात फिरवली. "तो ॲपल पायसुद्धा आठवत नाही. रीटा म्हणते मी दोनदा घेतला."



"आणखी एक विनंती," तो म्हणाला. "त्यांनी ते वाक्य परत एकदा म्हणावं. आज बाहेरचं कोणी नाही. बघू या, येतं का."

हे नियमात अजिबात बसत नव्हतं. मी म्हटलं, "अध्यक्षांची परवानगी आहे."

व्हर्ना त्याच्याकडे वळली. "ऑल्डन कोबर्न," तिने सुरुवात केली. बसच्या पुढून मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज, दुसऱ्या रांगेच्या पुढे गेला नाही. "तिसरीपासून... तिसरीपासून एकच..." पुढचं येईना. ओठ नुसते हलत होते. शेवटी म्हणाली, "खाली बस ना रे."

ऑल्डन वाट बघत उभा होता. त्याने भुवया वर केल्या, एकदा खोकलासुद्धा. सगळं गाव त्या खोकल्यापाठोपाठ हसायला तयार होऊन बसलं होतं. पण हसू आलं नाही. त्याने मान हलवली.

"नाही येत," तो म्हणाला. आणि मग, टोपी छातीशी धरून, "अध्यक्ष महोदया, मी ठराव मांडतो की हा विषय पुढल्या वर्षीच्या सभेवर ठेवावा आणि तेव्हा परत घ्यावा."

"अनुमोदन!" त्याचं वाक्य संपायच्या आत व्हर्ना म्हणाली.

तो एकोणऐंशीचा, ती अठ्ठ्याहत्तरची. मी चर्चा कोणाला हवी का विचारलं. कोणाला नको होती.

"बाजूने असतील त्यांनी हो म्हणावं."

स्टोव्हचं धुराडं थरथरलं एवढा 'हो' आला. आणि त्या सगळ्यांवर एक आवाज, बावीस वर्षं मिटून ठेवलेला. तो मागच्या रांगेपर्यंत पोचला. तो दाराबाहेरही गेला असेल.

"विरोधात?"

कोणी नव्हतं. अध्यक्षाला 'हो' म्हणता येत नाही. मी ओठ घट्ट मिटले आणि हातोडा आपटला.